लाल औषधाचा डबा

१

डबा गेला म्हणून वाडीत कुणी रडलं नसतं. पण चावडीतला डबा नाहीसा झाल्याचं ज्या सकाळी कळलं, त्याच सकाळी रखमाजी पाटलाच्या भिमाजीची तिरडी उठली. मग डब्याची आणि मरणाची गाठ मारायला लोकांना कितीसा वेळ लागतो!

ही गोष्ट असहकाराच्या दिवसांतली, एकोणीसशे बावीसच्या उन्हाळ्यातली. वाडी मळवली स्टेशनाच्या पलीकडे, लेण्यांच्या डोंगराखाली. तिचं नाव मुद्दामच सांगत नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत. वाडीला आळ्या दोन, आणि दोन आळ्यांना दोन विहिरी. वरची आळी रखमाजी पाटलाची, म्हणजे सरकारची. खालची आळी सोपानची, म्हणजे स्वराज्याची. पाण्याला पक्ष नसतो असं आपण म्हणतो. त्या उन्हाळ्यात होता.

मावळात पटकीची साथ पसरली होती. सरकारने विहिरींत टाकायला लाल औषध धाडलं होतं आणि आरोग्यखात्याचा राजमहंमद त्याचे डबे घेऊन गावोगाव फिरत होता. पाटलाने ढोल लावून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत वरच्या विहिरीत औषध टाकून घेतलं. खालच्या आळीने राजमहंमदला विहिरीजवळ फिरकूही दिलं नाही. आणि झालं ते उलटंच. औषध घेतलेल्या वरच्या आळीत तीन माणसं दगावली. खालच्या आळीत कुणाला साधी उलटीसुद्धा झाली नाही. दुसऱ्यांदा औषध टाकायला राजमहंमद आला, मागल्या खेपेला डबा ठेवला होता त्या चावडीच्या कोनाड्यात त्याने हात घातला, तर डबा गायब.

लोणावळ्याहून दुपारच्या गाडीने महिपती मास्तर उतरला, तेव्हा सोपान स्टेशनावर वाटच बघत होता.

"मास्तर, आता लिवा," सोपान म्हणाला. "तुमी पत्रकात म्हनला हुता तसंच झालं बगा. शब्दाला शब्द."

पत्रक महिपतीचंच होतं. 'लाल पाण्यापासून सावध!' महिपती पुण्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता. गांधीजींची हाक आली तसं कॉलेज सोडून तो लोणावळ्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर झाला. त्याच्या लिहिण्याला वजन होतं, कारण लिहिणारा शास्त्र शिकलेला. सोपानने ते पत्रक मारुतीच्या देवळात दोन्ही आळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

सोपानच्या घरी त्याच्या आईने, बयाबाईने, गूळपाणी दिलं. घागरीच्या तोंडावरचं पाणी गाळायचं फडकं तिने झटकन ओढून पदराआड घेतलं. फडकं काताच्या रंगाचं झालं होतं. महिपतीला काहीतरी आठवल्यासारखं वाटलं, पण सोपान बोलत होता आणि ऐकायला बरं वाटत होतं. त्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

चावडीपाशी गर्दी होती. राजमहंमदला आत कोंडून बाहेरून कडी घातली होती.

"चोर हाय त्यो!" पाटलाची माणसं ओरडत होती. "औषध लोनावळ्याच्या बंगल्यांत इकलं त्यानं! म्हनून मानसं मेली!"

"चोर कसला, मारेकरी हाय!" खालच्या आळीतून जबाब आला. "औषधानंच मारली मानसं!"

एकाच माणसाला एका आळीने औषध टाकलं नाही म्हणून धरलं होतं, आणि दुसऱ्या आळीने टाकलं म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोन्ही आळ्यांची एकी होती. उद्या सकाळी वडगावचे फौजदार येणार होते आणि दोन्ही बाजूंचे साक्षीदार तयार होते.

२

राजमहंमद उतारवयाचा, पिकल्या दाढीचा माणूस. कोंडलेल्या खोलीत तो पायातल्या वहाणा नीट जुळवून बसला होता.

"राजमहंमदभाई, डबा कुठं ठेवला होतात?"

"हितंच, कोनाड्यात. कुलूप कशाला लावायचं मास्तर? चोरण्यासारखं त्यात काय होतं?"

"विकला तर नाही ना?"

"कोण घेईल? सरकार फुकट देतंय तर लोक लाठ्या घेऊन धावतात." तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच राहिलं. "माझी चूक एकच झाली. मी पाटलांना म्हणत होतो, औषध संध्याकाळी टाकू, बायांचं पाणी भरून झाल्यावर. थोडंच टाकू. सकाळपर्यंत रंग निघून जातो. पाटील म्हणाले, मग लोकांना दिसणार कसं? आणखी टाक, लालभडक दिसू दे. मी टाकलं. सरकारी माणूस, पाटलाला नाही कसं म्हणणार?"

"मग पाणी लाल झालं?"

"जांभळाच्या रसासारखं झालं, मास्तर. बाया बघत उभ्या होत्या. एकीनेही विहिरीत घागर सोडली नाही."

महिपती बाहेर आला. त्याला आता एक अडचण दिसू लागली होती. खालच्या आळीला ते औषध विष वाटत होतं, म्हणजे ती माणसं त्याला हात लावणार नाहीत. विहिरीत फेकायला त्यांनी ते चोरलं असतं, तर वरची विहीर पुन्हा लाल दिसली असती. वरच्या आळीला ते औषध वाटत होतं आणि फुकट मिळत होतं. मग ज्याचा कुणालाच उपयोग नाही, असा डबा चोरला कुणी?

पाटील ओट्यावर बसला होता. डोळे सुजलेले, तरी मिशीचा पीळ सुटलेला नव्हता.

"इचारा काय इचारायचं त्ये," तो म्हणाला. "पन सायबाच्या औषधानं मानूस मरत न्हाई, येवढं ध्यानात ठेवा."

"औषधाबद्दल तुम्हाला माहिती काय, पाटील?"

"सायबाची सही हाय त्याच्यावर. आनिक काय म्हाईत पायजे?"

महिपतीला हसू आलं. अडाणी निष्ठा म्हणतात ती हीच, असं त्याच्या मनात आलं. आपल्या निष्ठेचं काय, हे तेव्हा त्याच्या मनात आलं नाही.

"भिमाजी विहिरीचंच पाणी प्यायचा?"

"मग काय वढ्याचं पील? पाटलाचा ल्योक त्यो!"

"पाणी भरतं कोण?"

पाटील त्याच्याकडे बघतच राहिला. असला प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नव्हता.

"बाया भरत्यात," तो म्हणाला.

३

लीलाबाई, भिमाजीची आई, भिंतीला टेकून बसली होती. ज्या जागी लेकाने प्राण सोडला तिथे दिवा लावलेला होता. दिव्याशेजारी पाण्याचा पेला असतो. तो उपडा पडला होता. कुणाला लक्ष द्यायला सवड नसेल, असं महिपतीला वाटलं.

तो रांजणापाशी गेला. रांजणाच्या कडेवर गाळायचं फडकं वाळत पडलं होतं, बगळ्यासारखं पांढरं. रांजणाच्या तळाशी हिरव्या शेवाळाची तार हलत होती.

"मावशी, भिमाजीला त्रास कधी सुरू झाला?"

"रानातनं आला, पानी पिला, जेवला. मग..." तिने मान वर केली. "मास्तर, तुमी शिकल्यालं. खरं सांगा. माजं पोरगं त्या औषधानं गेलं का?"

महिपतीने क्षणभर विचार केला, आणि तो विचार कशाचा केला हे त्याला पुढे जन्मभर टोचत राहिलं. उद्या सभेत हे कसं सांगायचं, याचा केला.

"तसंच दिसतंय, मावशी," तो म्हणाला.

ऐकून ती संतापायला हवी होती. तिच्या चेहऱ्यावर सुटकाच आली, आणि लगेच मावळली. दोन्ही हातांनी तिने तोंड झाकून घेतलं.

"न्हाई," ती आतल्या आत म्हणाली. "तसं आसतं तर लय बरं झालं आसतं. औषधाचा थेंबबी त्याच्या पोटात गेला न्हाई, मास्तर."

तेवढ्यात ओट्यावर पाटलाचा खाकरा ऐकू आला. लीलाबाईने पदर ओढला तो ओढलाच.

४

शेवाळ विहिरीत कुठलं? विहिरीचा उपसा रोजचा. शेवाळ साठलेल्या पाण्यात धरतं, आणि वैशाखात साठलेलं पाणी या डोंगराखाली एकाच ठिकाणी उरतं: लेण्यांमधल्या दगडी टाक्यांत. महिपती ऊन कलायच्या आत डोंगर चढला.

टाक्याच्या कडेला एक चुंबळ पडली होती. डोक्यावर घागर बसवायला बाया चिंधीचं कडं वळतात ते. लुगड्याचा काठ चांगला रुंद होता. असलं लुगडं खालच्या आळीत कुणाला परवडत नव्हतं.

"पाटलिणीची हाय ती," मागून आवाज आला. गुरं वळणारा म्हातारा गेणू करवंदीच्या जाळीआड बसला होता. "वरच्या आळीच्या समद्या बाया हितंच येत्यात पान्याला. सरपनाच्या नावानं. पाटलाला सांगू नगं म्हनत्यात."

"कधीपासून?"

"हिरीत लाल टाकलं तवापास्नं. पत्रकात लिवलंय म्हनं, त्या पान्यानं आतडी जळत्यात, बाया वांझ हुत्यात. त्यापरीस द्येवाचं पानी बरं, म्हनत्यात."

महिपती टाक्याकडे वळला. "आणि या टाक्यावर आणखी कुणी येतं का, आबा?"

"आता न्हाई. मागं एक बैरागी पडून हुता लेन्यात. लय जुलाब हुत हुते बिचाऱ्याला. हितंच धोतर धुवायचा. मग कुटं गेला, द्येव जाने."

महिपती टाक्याच्या कडेवर बसला. पाण्यात त्याचं तोंड दिसत होतं. पाण्याकडे गेलेला हात त्याने मागे घेतला, आणि हाताकडे बघता बघता त्याला दुपारपासून आठवू पाहणारी गोष्ट आठवली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच औषध हाताळताना बोटं माखायची. आधी जांभळी, मग काताच्या रंगाची. किती घासली तरी डाग जात नसे. कापडावर पडला तर मुळीच जात नसे.

काताच्या रंगाचं फडकं! त्याने ते पाहिलं होतं. वाडीत पाय ठेवताच पाहिलं होतं, आणि त्याच घागरीतलं पाणी तो प्यायला होता.

तो जवळजवळ धावतच खाली आला. खालच्या आळीत दाराबाहेरच्या दोऱ्यांवर फडकी वाळत होती. सोपानच्या दारात, शेजारच्या दारात, त्याच्या पलीकडच्या दारात. एकूण एक फडकं काताच्या रंगाचं होतं. अंगणातल्या बायांनी त्याची नजर पाहिली आणि एकेक करून त्या घरात निघून गेल्या.

५

"बयामावशी, डबा कुठंय?"

बयाबाईने आढेवेढे घेतले नाहीत. ती उठली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मारुतीचं देऊळ मीच सारवते. शेजारीच चावडी," ती म्हणाली. "मला काय ठावं मास्तर, त्ये इख हाय का औषध. मागल्या पटकीत माज्या दोन लेकी गेल्या. तवा काय औषधच नव्हतं. आता हाय म्हनल्यावर हात आपसूक गेला. राजमहंमद पाटलाला सांगत हुता, सांजच्याला टाका, जरासंच टाका. म्या ऐकलं हुतं. तसंच टाकत गेले."

"आणि आळीतल्या बाया?"

"फडक्याचा रंग कुनापास्नं झाकनार? समद्यांस्नी ठावं हाय. बाप्यांस्नी कुनी बोललं न्हाई." मग तिचा आवाज फुटला. "पन डबा म्या नेला, म्हनून वरल्या हिरीत दुसऱ्यांदा औषध पडलं न्हाई. पाटलाचं पोर म्या मारलं, मास्तर. तीन मानसं म्या मारली. रोज वाटतंय, जाऊन सांगावं. पाय उचलत न्हाई."

"नाही मावशी," महिपती म्हणाला. "वरच्या विहिरीचं पाणी कुणी पितच नव्हतं. औषध दहादा टाकलं असतं तरी भिमाजी गेला असता. तुमचं पाप नाही ते."

"मग कुनाचं?"

दारात सोपान उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. मग त्याने महिपतीला बाहेर ओढलं.

"मास्तर, हे भाईर जायचं न्हाई. पाटील नाचंल उद्या. म्हनंल, सोपानच्या आयनं सायबाचं औषध चोरून पिलं आन् जगली. चळवळ बुडंल आपली."

"आणि राजमहंमद?"

"त्याचं सोपं हाय. डबा कोनाड्यामागं सरकवून ठिवतो. सकाळी फौजदारापुडं काढू, घसरून पडला हुता म्हनू. म्हातारा सुटंल, आय सुटंल, तुमीबी सुटाल."

मास्तरांनाही यातून सुटायला हवं, हे सोपानला कळलं होतं तर! महिपतीला ते फार गोड वाटलं, हे कबूल करायला हवं. सगळा दोष बैराग्यावर जाईल; बैरागी काही फिरून यायचा नाही. पत्रक हळूहळू विसरलं जाईल.

तेवढ्यात डोंगराच्या वाटेवरून वरच्या आळीच्या दोघी उतरताना दिसल्या. डोक्यावर सरपणाचे भारे होते, आणि कमरेवर भरलेल्या घागरी.

"अगं ए, ओता ते पाणी!" महिपती ओरडत त्यांच्याकडे धावला.

६

सकाळी फौजदार चावडीत येऊन बसले आणि राजमहंमदला पुढे आणलं, तेव्हा महिपतीने डबा सगळ्यांसमोर ठेवला. मग त्याने एक काताच्या रंगाचं फडकं आणि एक पांढरं फडकं मागवून शेजारी शेजारी पसरलं.

"हे बघा. औषधाचं पाणी ज्या कापडातून गळतं, त्याला हा रंग चढतो. रंगलेलं फडकं खालच्या आळीचं. पांढरं वरच्या आळीचं. औषध नको म्हणणारी आळी औषध प्यायली आणि वाचली. औषध हवं म्हणणारी आळी लेण्यातलं नासलेलं पाणी प्यायली आणि मेली. डबा चोरला त्याने वाडीचं बरंच केलं. नाव मी सांगणार नाही."

"म्या नेला," मागून बयाबाई म्हणाली. "नाव सांगायला भ्यायचं कशाला आता?"

सोपानने मान खाली घातली. पाटील मात्र ताडकन उठला आणि बायकांच्या घोळक्याकडे वळला. "लीले! माज्या घरात, माज्या माघारी, लेन्यातलं पानी?"

"पाटील, त्यांच्यावर ओरडू नका," महिपती मध्ये पडला. "राजमहंमदभाई थोडं टाका म्हणत होते. तुम्ही ते दिसावं म्हणून जास्त टाकायला लावलंत. आणि लाल रंग बघून ज्या भीतीने बायांना घागर विहिरीत सोडवेना, ती भीती माझी. पत्रक माझं."

"पर तुमी शास्त्र शिकल्यालं," पाटील म्हणाला. त्याच्या आवाजातला ताठा निघून गेला होता. "त्यात लिवलं आसंल तसं."

"शास्त्रात दोन मतं होती, पाटील. एक डॉक्टर म्हणत होता, याने साथ हटते. दुसरा म्हणत होता, हटेलच असा भरवसा नाही. विष आहे असं कुणीच म्हणत नव्हतं. मी दोन्ही वाचली होती. हे औषध सरकारने न देता आपल्या माणसांनी वाटलं असतं, तर मीच घरोघर फिरून टाकलं असतं. सरकारने दिलं म्हणून मी दुसरं मत उचललं, आणि त्याला आतडी जळण्याचं शेपूट माझ्या पदरचं लावलं."

फौजदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अशा गुन्ह्याला कुठलं कलम लागतं, ते त्यांनाही आठवेना. त्यांनी राजमहंमदला सोडायला सांगितलं.

राजमहंमदने डबा उचलून हलवून पाहिला. "पुरेल," तो म्हणाला. "संध्याकाळी टाकतो. ढोल नको."

लोक पांगू लागले. लीलाबाई जागची हलली नव्हती. ती पुढे आली तशी महिपतीची मान आपोआप खाली गेली. आता शिव्या येतील, आल्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"दिव्यापाशी पानी ठिवायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "कालपास्नं पेला उपडा हाय. ज्या पान्यानं गेला त्येच त्याच्याम्होरं कसं ठिवू? आन् हिरीचं ठिवलं आन् त्येबी इखच निगालं तर? मला काय बी कळंना झालंय, मास्तर. कुटलं ठिवू?"

बयाबाई खालच्या विहिरीवर गेली. तिने घागर भरून, गाळून आणली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

"आदी तुमी प्या," लीलाबाई महिपतीला म्हणाली.

त्याने ओंजळ पुढे केली. बयाबाईने घागर तिरपी केली. तो प्यायला, पुन्हा ओंजळ केली, पुन्हा प्यायला. लीलाबाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कसं लागतं?"

"पाण्यासारखंच लागतं, मावशी. जरासं लोखंडी, एवढंच."

लीलाबाईने घागर उचलून कमरेवर घेतली.

"मग येवढंच लिवायचं हुतं की, बाबा," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.